रॅकची किल्ली कुणाकडे?

"जयभीम दादा. बारावीला ५८ टक्के पडले. कॉलेजवाले म्हणतात हार्डवेअर-नेटवर्किंगच्या बी.व्होक.ला सीट आहे, लगेच नोकरी लागते. घेऊ का?"

आमच्या वस्तीतल्या एका मुलाचा हा मेसेज गेल्या जूनमध्ये आला. मी हैदराबादला एका कंपनीचं नेटवर्क सांभाळतो, त्यामुळे गावाकडून येणाऱ्या अशा प्रश्नांना उत्तरं देणं आपोआप माझ्याकडे आलंय. ‘घे’ एवढं लिहून मोकळं होता आलं असतं. पण मी याच वाटेने आलोय, आणि या वाटेवर कुलूप कुठे लागतं ते मला माहीत आहे.

माझे वडील रस्त्याच्या कडेला ऑप्टिकल फायबरसाठी चर खणायला जायचे. मुकादमाच्या हाताखाली, रोजावर. मी नेटवर्किंगचा कोर्स घेतला तेव्हा त्यांना फार आनंद झाला, कारण त्यांच्या मते पोरगा आता ‘त्याच वायरच्या वरच्या टोकाला’ जाणार होता.

प्रत्यक्षात कॉलेजने मला वायरच शिकवली. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम मला आजही झोपेत विचारला तरी सांगता येईल. क्रिम्पिंगचं पकड हातात आलं की आमची बॅच खूश असायची. रॅम बदलणं, विंडोज टाकणं, प्रिंटर जोडणं हेही झालं. राऊटिंग, सबनेटिंग, व्हीलॅन हे सगळं अभ्यासक्रमात छापलेलं होतं, पण सर म्हणायचे, "ते तुम्ही कंपनीत गेल्यावर शिकाल." त्याच आवारात इंजिनिअरिंगची स्वतंत्र लॅब होती. तिथे रॅक होता, त्यात खरे राऊटर आणि स्विच होते. आम्हाला तो वर्षातून एकदा, खंडेनवमीला दिसायचा. रॅकला हळदकुंकू लावायला आम्हाला बोलवायचे. बाकी वर्षभर किल्ली विभागप्रमुखांच्या खिशात.

पहिल्या मुलाखतीत मला विचारलं, "स्लॅश सव्वीसमध्ये किती होस्ट बसतात?" मी गप्प. पलीकडच्या माणसाने माझ्या अर्जावरचं आडनाव पुन्हा एकदा वाचलं आणि म्हणाला, "कोर्समध्ये बेसिक तरी शिकवतात की नाही?" आडनाव का वाचलं याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण उत्तर आलं नाही, हे खरं. ते पुढे मी स्वतः शिकलो: ३२ पैकी २६ बिट नेटवर्कचे, उरले ६. दोनाचा सहावा घात ६४. त्यातला पहिला पत्ता खुद्द नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणून उरतात ६२. आठवीच्या पोराला जमेल असं गणित! तीन वर्षांत कुणाला फळ्यावर हे पाच मिनिटं मांडावंसं वाटलं नाही, याचा राग मला अजून आहे.

मग नोकरी लागली ती ठेकेदारामार्फत, महिना ११ हजार, एल-वन सपोर्ट. ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एल-वन म्हणजे फोन उचलणारा. पासवर्ड रिसेट करायचा, केबल तपासायची, तिकीट काढायचं आणि वर ढकलायचं. एल-टू उपकरणात लॉगिन करून बिघाड शोधतो. एल-थ्री नेटवर्क कसं असावं ते ठरवतो. एल-वनला बहुतेक ठिकाणी फक्त बघायची परवानगी असते, बदल करायची नाही. सिस्कोच्या राऊटरमध्ये तर बदल करता येण्याच्या अवस्थेचं नावच ‘प्रिव्हिलेज्ड मोड’ आहे. यंत्र निदान सरळ सांगतं.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिलं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, तीही एकावर एक रचलेली. एल-वन, एल-टू, एल-थ्री म्हणजे जात नव्हे, तुलना ताणायची नाही. इथे चढता येतं. मी चढलो. पण जिना कॉलेजातच काढून घेतला असेल तर कोण कुठे अडकतं, ते आमच्या मजल्यावर बसून रोज दिसायचं. शिडी खांद्यावर घेऊन केबल ओढणारे, फॉल्स सीलिंगमध्ये घुसणारे बहुतेक आपले. डिझाइनच्या बैठकीतले बहुतेक दुसरे.

आणि केबल ओढण्याचं काम हलकं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. ते हलकं मानणं हीच तर या देशाची सवय. हाताने काम केलेल्या माणसाला नेटवर्क जास्त कळतं. शंभर मीटरच्या पुढे तांब्याच्या केबलचा भरवसा नाही, हे पुस्तकात वाचणारा वेगळा आणि ती ओढून बघितलेला वेगळा. माझी तक्रार एवढीच की हात आमचे घेतले आणि डोक्याचा भाग कुलपात ठेवला.

बी.व्होक.बद्दल अजून एक. यूजीसीने २०१४ मध्ये ही पदवी आणली तेव्हाच त्यात बाहेर पडायच्या वाटा ठेवल्या: एका वर्षाने डिप्लोमा, दोन वर्षांनी ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, तिसऱ्याला पदवी. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने अशीच सोय सगळ्या पदव्यांना लावली. कागदावर ती लवचीकता दिसते. पण पहिल्या वर्षानंतर बाहेर कोण पडेल? ज्याच्या घरी शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेवर आला नाही म्हणून फी थकली आहे, तो. अकरा हजारांची नोकरी समोर दिसली की घरचे म्हणतात, बस झालं शिक्षण. आणि सबनेटिंग, राऊटिंग येतं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात. म्हणून त्या मुलाला मी पहिलं हेच लिहिलं: काहीही झालं तरी तीन वर्षं पुरी कर.

वर चढलं की जात सुटते, अशा भ्रमातही राहू नये. ज्या सिस्कोची उपकरणं आपण लॅबमध्ये बघतो, त्याच कंपनीवर जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी विभागाने जातीभेदाचा खटला भरला. एका दलित इंजिनिअरची जात सहकाऱ्यांमध्ये उघड केली, तो आरक्षणातून आयआयटीत आल्याचं सांगितलं, असा आरोप. कंपनीने तो नाकारला. २०२३ मध्ये दोन अधिकाऱ्यांवरचे दावे मागे घेतले गेले, कंपनीवरचा राहिला. आयआयटीवाल्याची ही गत, तर ठेकेदाराच्या पोराची काय असेल?

तरी मी ‘घेऊ नकोस’ म्हणालो नाही. हे ज्ञान आता पूर्वीसारखं बंद नाही. पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं, त्यात साध्या लॅपटॉपवर अख्खं नेटवर्क उभं करता येतं. वायरशार्क फुकट, लिनक्स फुकट. मी सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून एक जुना २४ पोर्टचा स्विच आणला होता, पंखा खरखर करायचा, पण शिकायला पुरला. मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे, बंगळुरूत एसपी रोड, दिल्लीत नेहरू प्लेस. चौघांनी मिळून एक घ्या. फुकट नाही ती परीक्षा. सीसीएनएची फी ३०० डॉलर, म्हणजे पंचवीस हजारांच्या घरात. माझे तेव्हाचे दोन पगार! स्पर्धा परीक्षांच्या कोचिंगसाठी आपण निवेदनं देतो, मोर्चे काढतो, ते योग्यच. पण ही फी शिष्यवृत्तीतून मिळावी अशी मागणी आपल्या संघटनांच्या एकाही निवेदनात मला दिसलेली नाही.

त्या मुलाने प्रवेश घेतला. दिवाळीच्या आधी त्याने लॅबचा फोटो पाठवला. रॅकवर झेंडूची माळ वाळलेली, दाराला कुलूप. मी त्याला सांगितलं, एकट्याने तोंडी विचारू नकोस, वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या घे आणि आठवड्याचे तास मागणारा लेखी अर्ज दे. परवा त्याचा फोन आला. १९ सह्या झाल्या, अर्ज दिला. विभागप्रमुख म्हणाले, बघू.

"पोच घेतलीस का?" मी विचारलं.

"घेतली दादा. शिक्क्यासकट."