दहा मिनिटांचा झिरो माईल

थंडी पडली आणि हिवाळी अधिवेशन लागलं, की नागपुरात पाहुण्यांचा राबता वाढतो. निवेदनं घेऊन आलेली माणसं, लग्नाला आलेले नातेवाईक, ताडोब्याला जाण्याआधी एखादा दिवस मोकळा सापडलेली पुण्या-मुंबईची कुटुंबं. त्यांच्यासाठी अर्ध्या दिवसाच्या सहली निघतात. सकाळी गाडी, सोबत गाईड आणि जेवणाच्या वेळेआधी शहराचा सगळा इतिहास उरकलेला. गेल्या रविवारी अशाच एका गाडीत, झिरो माईलच्या खांबापाशी, एका मुलीने गाईडला एक प्रश्न विचारला. या आठवड्याचं सदर त्या प्रश्नावर.

मार्ग ठरलेला असतो. दीक्षाभूमी, जिथे 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. अजब बंगला, म्हणजे 1863 सालचं मध्यवर्ती संग्रहालय. सीताबर्डीचा किल्ला, तोही बाहेरून. मग झिरो माईल, फुटाळा तलाव आणि वेळ उरला तर महाल ही जुनी वस्ती. वेळ उरत नाही. देवगडच्या ज्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, 1702 च्या सुमारास हे शहर वसवलं, त्याचं नाव गाडी सिग्नलला थांबली तेव्हा एकदा कानावर पडलं आणि सिग्नल सुटताच मागे राहिलं.

गाईड विशी-बाविशीतला, गोड बोलणारा पोरगा होता. गाडीतली झाडून सगळी माणसं मराठी, तरी नागपुरी रिवाजाप्रमाणे त्याने माईकवर हिंदी धरली. “ये पूरे हिंदुस्थान का सेंटर है. अंग्रेजों ने यहीं से पूरे देश का डिस्टन्स नापा. दस मिनट हैं, फोटो निकाल लीजिए.” माणसं उतरली. तिथल्या चार घोड्यांच्या पुतळ्यांपुढे उभं राहून फोटो काढले, मग खांबासोबत, मग सगळ्या कुटुंबाचा एक. ड्रायव्हरने इंजिन बंदसुद्धा केलं नव्हतं.

सातवी-आठवीतली एक मुलगी मात्र फोटोच्या रांगेत नव्हती. ती वाकून पायथ्याच्या दगडावरची अक्षरं वाचत होती. हैदराबाद, 318 मैल आणि वर काही अंश. चांदा, 125. जबलपूर, 170. शिवनी, छिंदवाडा, बैतूल. सगळा दगड वाचून ती गाईडकडे आली. “दादा, पूर्ण देशाचं अंतर इथून मोजलं ना? मग मुंबई कुठे आहे? दिल्ली?”

मुंबई त्या दगडावर नाही. दिल्लीही नाही.

पोराने आडपडदा ठेवला नाही. “मले जे सांगाले सांगितलं, थेच मी सांगतो, बेटा,” असं मराठीत म्हणाला आणि गाडीकडे वळला. यात त्याचा दोष नाही. त्याला एक वाक्य आणि दहा मिनिटं दिलेली आहेत. दोष ते वाक्य लिहून देणाऱ्यांचा, आणि वर्षानुवर्षं तेच वाक्य अभिमानाने पाहुण्यांना ऐकवत आलेल्या आपणा सगळ्या नागपूरकरांचाही.

देशाच्या मध्याचा मान आज मध्य प्रदेशातलं कटनी जिल्ह्यातलं करौंदी हे गाव सांगतं. अखंड हिंदुस्थानचा हिशेब धरून नागपूरचा दावा मांडता येतो, पण तो वाद घालण्यात आपण त्या दगडाची खरी कथा गमावून बसलो आहोत. हा दगड 1907 सालचा. ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे या प्रचंड मोजणीच्या कामात तो इथे बसवला गेला. त्याच्याशी जोडलेला सगळ्यात मोलाचा आकडा मैलांचा नाही, फुटांचा आहे: समुद्रसपाटीपासून उंची 1020.171 फूट. दशांशचिन्हापुढे तीन आकडे. ज्या शहरातून कुठल्याही दिशेला गेलं तरी समुद्र शेकडो मैल दूर, त्या शहरातल्या दगडाची समुद्रापासूनची उंची इतक्या बारकाईने ठरवली कशी, हे त्या मुलीला कुणी सांगितलं असतं तर ती गाडीत बसलीच नसती.

ते काम असं चाले. रस्त्याच्या कडेने दोन खलाशी, म्हणजे मोजणीचे गडी, काही अंतरावर आकडे रंगवलेल्या उभ्या पट्ट्या धरून राहत. मधोमध तिपाईवर दुर्बीण, तिच्यावर द्रवातल्या बुडबुड्याची नळी. बुडबुडा नेमका मध्यावर आला की दुर्बीण समतल झाली. मग मागच्या पट्टीवर दिसणारा आकडा लिहायचा, पुढच्या पट्टीवरचा लिहायचा. दोहोंतली वजाबाकी म्हणजे त्या दोन जागांच्या उंचीतला फरक. लगेच मागचा खलाशी पट्टी उचलून पुढे जाई, दुर्बीण पुढे सरके, पुन्हा बुडबुडा, पुन्हा दोन आकडे. असं समुद्रकाठच्या बंदरापासून थेट देशाच्या पोटात. घाट, नदीपात्रं, काळी माती, ऊन. एका ठिकाणी पट्टी जराशी कलली तरी ती चूक पुढच्या प्रत्येक गावाच्या उंचीत उतरणार. समुद्राची पातळी तरी कुठली धरायची? त्यासाठी कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टण, मद्रास, विशाखापट्टण आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरचं फॉल्स पॉईंट अशा नऊ ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या नोंदी घेतल्या आणि 1909 साली साऱ्या देशातल्या उंचींचा एकत्र ताळा जमवला. आज मेट्रोचा खांब उभा राहतो, कालव्याचा उतार ठरतो, धरणाची पूररेषा आखली जाते, तेव्हा त्या आकड्यांच्या मागे अशाच दगडांची साखळी असते. पट्ट्या धरणाऱ्या खलाशांपैकी एकाचंही नाव खांबावर नाही. गाईडने निदान ते होते एवढं तरी सांगावं.

गाडी निघाली तेव्हा मागच्या बाकावरचे एक निवृत्त काका त्या मुलीशी बोलायला लागले. ते हिंगणघाटचे. “आमच्या गावाले एका मोजणीवाल्या साहेबाची कबर आहे. लॅम्बटन म्हणत त्याले. नागपूरलेच येऊन राहिला होता, वाटेतच मेला.” गाईडचं तिकडे लक्ष नव्हतं. सहलीतलं त्या दिवशीचं सगळ्यात मोलाचं वाक्य माईकविना बोललं गेलं.

विल्यम लॅम्बटन हा त्या मोजणीचा जनक. 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी त्याने पहिली आधाररेषा मोजायला घेतली. सुमारे साडेसात मैलांची सरळ रेषा, शंभर फुटी पोलादी साखळीने. उन्हाने साखळी किती प्रसरण पावते याचा हिशेब ठेवत त्याला 57 दिवस लागले. ती एक बाजू पक्की झाली की मग दुर्बिणीने कोन मोजत त्रिकोणावर त्रिकोण रचत जायचं. एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात, हे आपल्याकडे नववी-दहावीचं पोरही शिकतं. लॅम्बटनने त्या एवढ्या गणितावर उपखंड मोजायला काढला.

त्याचं कोन मोजण्याचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं होतं. 1808 साली तंजावरच्या मंदिरावर ते चढवताना दोर सुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. ज्या तबकडीवर अंशाचे बारीक भाग कोरलेले होते तीच वाकली. नवं मागवायचं तर विलायतेहून, जहाजाने. लॅम्बटनने तंबूचं दार लावून घेतलं आणि जवळजवळ दीड महिना एकेक भाग ठोकून, ओढून, तपासून ते यंत्र पुन्हा जागेवर आणलं. पुढे त्याच यंत्राने वर्षानुवर्षं काम केलं. शाळेतल्या कुठल्याही मुलाला सांगावी अशी ही गोष्ट आहे, आणि ती झिरो माईलच्या खांबापाशी सांगायला लागतात फार तर चार मिनिटं.

तर हा माणूस, सत्तरीच्या घरात, खोकल्याने पोखरलेला, हैदराबादहून नागपूरकडे निघाला. मोजणीचं ठाणं उत्तरेकडे हलवायचं होतं. 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. नागपूर तिथून पाऊणशे किलोमीटर. त्याचं काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतलं आणि 1841 पर्यंत कन्याकुमारीपासूनची ती रेषा हिमालयाच्या पायथ्याला पोचवली. त्याच मोजणीच्या आधारे राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने 1852 च्या सुमारास जगातल्या सर्वांत उंच शिखराची उंची गणिताने काढली. शिखराला 1865 साली नाव मिळालं ते एव्हरेस्टचं. सिकदारांचं नाव आपल्या पोरांना आजही शोधून काढावं लागतं.

ही सगळी मोजणी विज्ञानाच्या प्रेमापोटी झाली असं कुणी समजू नये. मुलूख मोजला की महसूल ठरतो, फौजेची वाट ठरते. इथे सीताबर्डीच्या किल्ल्याचा धागा येऊन मिळतो. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 या दोन दिवसांत सीताबर्डीच्या जोड टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज रेसिडेंट जेन्किन्सच्या बाजूचे जेमतेम दीड हजार शिपाई लढले. भोसल्यांच्या पदरच्या अरबांनी धाकटी टेकडी घेतलीही होती. मग दारूगोळा भडकला, गोंधळ उडाला आणि टेकडी पुन्हा हातची गेली. ती सकाळ भोसल्यांची झाली असती तर पाच-सहा वर्षांनी लॅम्बटन नागपूरच्या वाटेला लागला असता का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. लढाईनंतर त्या टेकड्यांवर किल्ला उभा राहिला, 1854 साली भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि 1907 साली किल्ल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर तो मोजणीचा दगड आला. किल्ला आणि खांब ही एकाच कथेची दोन प्रकरणं आहेत. सहलीची गाडी त्यांचे दोन वेगळे फोटो करते, मग फुटाळ्याची कॉफी येते.

आणि त्याच परिसरात तिसरी जागा आहे, जिच्यापाशी गाडी थांबतच नाही. गोवारी शहीद स्मारक. 23 नोव्हेंबर 1994 रोजी, अधिवेशनाच्या काळात, आपलं म्हणणं मांडायला विधानभवनाकडे निघालेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसं गेली. बाया होत्या, लहान मुलं होती. दरवर्षी 23 नोव्हेंबरला गावोगावची माणसं इथे येतात, फुलं वाहतात. नागपूरच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत हे स्मारक आलंच पाहिजे. अधिवेशनासाठी आलेल्या पाहुण्यांना तर ते सगळ्यांत आधी दाखवायला हवं. मुलांसमोर असं सांगू नये म्हणणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, की ज्या मुलांना 1817 ची लढाई सांगता येते त्यांना 1994 चा मोर्चाही सांगता येतो.

दहा ठिकाणं दाखवण्याचा हट्ट सोडला तर हे सगळं एका सकाळीत बसतं. खांब, गोवारी स्मारक, किल्ल्याचा पायथा, जवळच टेकडीचा गणपती आणि 1925 सालची रेल्वे स्टेशनची दगडी इमारत. गाडी लागतच नाही, चांगल्या चपला आणि वाटेत एक प्लेट तर्री-पोहे पुरतात. गाईडला मात्र आठवडाभर आधी वाचायला वेळ आणि त्या वाचनाचे पैसे द्यायला हवेत. आज त्याला फेऱ्यांचे पैसे मिळतात, गोष्टीचे नाही. म्हणून तो फेऱ्या वाढवतो.

ज्या मंडळींचा एक अख्खा दिवस मोकळा आहे त्यांच्यासाठी सेवाग्रामच्या सहली निघतातच. तिथून लॅम्बटनच्या कबरीचं हिंगणघाट तासाभराच्या वाटेवर आहे. एका गाडीने तो फेरा घेऊन पाहावा, हिंगणघाटच्या कुणा जाणत्या माणसाला सोबत घ्यावं. सीताबर्डीचा किल्ला एरवी लष्कराच्या ताब्यात असतो आणि 26 जानेवारी, 15 ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच लोकांना आत सोडतात, तेव्हा येत्या 26 जानेवारीची सकाळ आत्ताच राखून ठेवावी. वर गेल्यावर दोन्ही टेकड्यांमधलं अंतर नजरेने मोजता येतं, आणि धाकटी टेकडी हातातून जाणं म्हणजे नेमकं काय होतं, ते कुणी न सांगता कळतं.