वॅटवाल्यांनी पाडलेला उजेड

क्रॉफर्ड मार्केटात जा नाहीतर गल्लीतल्या शोभेच्या माशांच्या दुकानात. "टाकीत खरी झाडं लावायची आहेत, दिवा कोणता घेऊ?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "दोन फुटी टाकी ना? मग १८ वॅटचा न्या." जणू झाडं वीज खातात! वॅटचा आकडा तुमच्या वीजबिलाचा. 'गॅलनला दोन वॅट' हा हिशोब जाड ट्यूबलाइटच्या जमान्यातला. एलईडीने तो केव्हाच मोडीत काढला, पण दुकानदारांचा जप चालूच आहे.

थोडा शिकलेला विक्रेता लुमेन सांगतो. लुमेन माणसाच्या डोळ्याचं माप. हिरव्या-पिवळ्या उजेडाला त्यात झुकतं वजन. झाडाला ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला सगळा प्रकाश कामाचा, आणि त्याचं माप पीएआर. अनुबियास किंवा जावा फर्नला तळाशी २०-३० मायक्रोमोल पुरतात. रोटाला मॅक्रान्ड्राला त्याच्या दुपटीहून जास्त लागतात, शिवाय कार्बन डायऑक्साइड. ही लाल रोटाला आपल्या दक्षिण भारतातलीच, पण इथल्या टाकीत तिला सडवून मारायची आपली हातोटी विलक्षण!

मग येतो तो जांभळा दिवा. क्लोरोफिल निळा आणि लाल प्रकाश शोषतं, एवढ्या अर्धवट ज्ञानावर त्याची किंमत दुप्पट होते. अहो, पान म्हणजे परीक्षानळीतलं क्लोरोफिल नव्हे! हिरवा प्रकाशही पानं वापरतात, हे मॅक्री या शास्त्रज्ञाने पिकांवर मोजून दाखवलं त्याला पन्नास वर्षं उलटली. ६५०० केल्विनच्या आसपासचा साधा, दमदार पांढरा एलईडी बहुतेक टाक्यांना पुरतो. पण साध्या वस्तूवर नफा कसा सुटणार?

गिऱ्हाईकही काही कमी नाही. पाहुण्यांना दिसावं म्हणून सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत दिवा जळत ठेवायचा, काचा हिरव्या झाल्या की शेवाळ मारायचं औषध आणायला त्याच दुकानात धावायचं, औषधाने झाडं पिवळी पडली की खत आणायला पुन्हा तिथेच. सहा ते आठ तासांवर लावलेला साधा टायमर हे सगळं बहुतेक वेळा टाळतो. तो मात्र कुणी दाखवत नाही, आणि आपणही मागत नाही.

पुढच्या वेळी दुकानदाराला एवढंच विचारा: फूटभर पाण्याखाली या दिव्याचा पीएआर किती? उत्तर वॅटमध्ये आलं, तर पैसे खिशातच ठेवा.