टोचलेल्या बोकडाला चार पैसे जास्त द्या

आपल्या जिल्ह्याचे नाव २०२३ साली सरकारी कागदावर धाराशिव झाले, पण शेळीचे नाव काही बदलले नाही. ती आजही उस्मानाबादीच आहे. अंगाने काळी, दुष्काळातही तग धरणारी, बहुधा जुळी करडे देणारी आणि मटणाला चवदार. परंडा, भूम, कळंबपासून उमरगा, लोहाऱ्यापर्यंत या एका जनावरावर किती घरांची चूल पेटते याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. पाळणारा शेतकरी किंवा शेतमजूर, गावोगाव फिरून माल उचलणारा व्यापारी, दलाल, टेम्पोवाला, खाटीक आणि शेवटी कातडी गोळा करणारा, अशी ही साखळी आहे. तिच्यात आपल्या समाजाचे लोक मोठ्या संख्येने आहेत. आणि ही साखळी एका विषाणूने चार दिवसांत तुटू शकते.

त्या रोगाला डॉक्टर मंडळी पीपीआर म्हणतात. आपल्याकडे त्याला शेळ्यांची बुळकांडी म्हटले तरी चालेल, कारण गुरांच्या बुळकांडीचाच तो भाऊबंद. ताप, नाका-डोळ्यांतून घाण, तोंडात फोड, हगवण आणि मग न्यूमोनिया. लस न टोचलेल्या कळपात शिरला तर शंभरातली नव्वद जनावरेही आडवी करतो. माणसाला तो होत नाही. १९४२ मध्ये आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमध्ये त्याची प्रथम नोंद झाली आणि १९८७ मध्ये तामिळनाडूत तो आढळला. पुढे तो देशभर पसरला.

यावरचा इलाज आपल्या देशातच तयार झाला, ही गोष्ट आपल्या व्यापारी बांधवांना फारशी ठाऊक नाही. त्याची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलवण्यात आली. तेथे १९२०च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने गुरांच्या बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा पुन्हा पुन्हा नेला. तसे करता करता तो गुरांसाठी सौम्य झाला आणि त्याचीच लस बनली. म्हणजे बैल वाचला तो शेळीच्या जिवावर! पुढे वॉल्टर प्लोराइट यांनी केनियात पेशींवर वाढवलेली अधिक चांगली लस काढली आणि २०११ मध्ये गुरांची बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले.

शेळ्यांचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. काही काळ त्यांना गुरांचीच लस टोचत. दोन्ही विषाणू जवळचे असल्याने तिचा उपयोग होई, पण त्यात एक मोठी अडचण होती. लस टोचली की रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. प्रतिपिंड म्हणजे रोगजंतूला ओळखून जखडून टाकणारे द्रव्य. देशातून गुरांची बुळकांडी खरोखर गेली की नाही हे याच प्रतिपिंडांवरून तपासायचे होते. शेळीच्या रक्तात ती सापडली तर ती रोगाची की लसीची, हे कसे ठरवणार? त्यामुळे शेळ्यांसाठी वेगळी लस हवी होती.

ती मुक्तेश्वरलाच तयार झाली. हिमाचल प्रदेशातील सुंग्री येथील शेळ्यांमधून १९९६ मध्ये मिळालेला विषाणू प्रयोगशाळेत पेशींवर अनेक पिढ्या वाढवून सौम्य करण्यात आला. श्रीनिवास, धर, आर. पी. सिंग, बंद्योपाध्याय ही त्या कामातली नावे. याच मंडळींनी फक्त पीपीआरच्या विषाणूलाच चिकटेल असे प्रतिपिंड प्रयोगशाळेत बनवले आणि त्यावर रक्ततपासणीची पद्धत बसवली. एक मात्रा टोचली की किमान तीन वर्षे संरक्षण मिळते. आज केंद्र सरकारच्या कार्यक्रमातून ही लस पशुपालकांना मोफत दिली जाते आणि २०३० पर्यंत हा रोग जगातून घालवण्याचे उद्दिष्ट आहे.

मग तरीही माल मरतो कसा? शास्त्रज्ञाने आपले काम पुरे केले, सरकारने औषधाचे पैसे दिले, पण लस पशुपालकाच्या दावणीपर्यंत जाते आणि व्यापाऱ्याच्या टेम्पोला कोणी वाली नाही. ईदच्या आधी आपण दहा गावांचे बोकड एका वाड्यात कोंडतो, एकाच हौदावर पाणी पाजतो आणि एकाच गाडीत भरून सोलापूर, हैदराबाद किंवा देवनारला नेतो. रोग अंगात शिरल्यावर साधारण चार ते सहा दिवस जनावर वरून ठणठणीत दिसते. नेमका तेवढाच काळ माल आपल्या हातात असतो. बाजारात उतरल्यावर घाईघाईने लस टोचून उपयोग नाही, कारण प्रतिपिंडे पुरेशी तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. लस म्हणजे आजारावरचे औषध नव्हे, हे आपल्यातील पुष्कळांना अजून पटत नाही.

व्यापारी म्हणेल, चार दिवसांच्या मालासाठी मी जास्त पैसे का मोजू? साधा हिशेब करा. समजा वीस बोकड उचलले आणि प्रत्येकामागे शंभर रुपये जास्त दिले, तर दोन हजार गेले. त्यातला एक बोकड वाटेत मेला तर त्याहून कितीतरी जास्त जातात. एका मरणावर ही साथ थांबतही नाही. उरलेले खोकू लागले की गिऱ्हाईक हात लावत नाही. आणि पशुपालकाला टोचलेल्या जनावराचा जास्त भाव मिळतो असे दिसले की पशुवैद्यकीय दवाखान्यात तो आपणहून जाईल. सरकारी पत्रके जे करत नाहीत ते बाजारभाव करतो.

आजारी उंटांच्या मालकाने ते निरोगी उंटांच्या कळपात आणू नयेत, ही रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांची शिकवण आपण मशिदीत ऐकतो. मालाचा ऐब झाकून विकणे हलाल तिजारतीत बसत नाही, हेही ऐकतो. नाक वाहणारा बोकड पुसून, पाणी पाजून रांगेत उभा करणाऱ्याने याचा विचार करावा. असे लोक थोडे आहेत, पण त्यांच्यामुळे सगळ्यांचा माल आडतो.

कातडीवाल्यांनाही यात वाटा आहे. शेळ्यांच्या देवीचे व्रण कातडीवर राहतात आणि भाव पडतो. त्या रोगावरची लसही मुक्तेश्वरचीच, आणि २०२२ मध्ये लंपीची साथ आली तेव्हा हीच लस गाई-बैलांना टोचून वेळ निभावली. त्या वर्षी महाराष्ट्रात गुरांचे बाजार बंद पडले आणि किती व्यापारी घरी बसले हे विसरण्यासारखे नाही. शेळ्यांच्या बाजाराला तशी पाळी यायची वाट कशाला पाहायची? बाजार समिती जनावरामागे पैसे घेते, तर खोकणाऱ्या मालासाठी एक वेगळा कोंडवाडा आणि वेगळे पाणी तिने द्यावे, ही मागणी आपल्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन करावी.

आणखी एक गोष्ट. करडाला आईच्या चिकातून प्रतिपिंडे मिळतात आणि ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू होत नाही, म्हणून ती साधारण चौथ्या महिन्यात देतात. कुर्बानीचा बोकड वर्षाचा पुरा असावा लागतो. म्हणजे आपण ईदला विकतो त्या प्रत्येक बोकडाला मधले आठ महिने मोकळे मिळालेले असतात. सौदा करताना दात पाहतो, वजन पाहतो. तेव्हाच कानातला बिल्ला पाहावा आणि मालकाला विचारावे, या आठ महिन्यांत सुई टोचली होती का, आणि कोणत्या तारखेला?