बेअर्सची दहावी निवड टाइट एंडवर का?

शिकागो : एनएफएलच्या २०२४ च्या हंगामात शिकागो बेअर्सचा क्वार्टरबॅक कॅलेब विल्यम्स याला चेंडू हाती असतानाच ६८ वेळा पाडण्यात आले. साहजिकच, २०२५ च्या ड्राफ्टमध्ये संघ प्रथम संरक्षक फळी भक्कम करील, हा तर्क स्वाभाविक होता. प्रत्यक्षात दहाव्या क्रमांकावर टाइट एंड कोल्स्टन लव्हलँड याची निवड झाली. निर्णय वरकरणी धाडसी. मात्र त्याची पायाभरणी मार्चमध्येच झाली होती. जो थुनी व जोना जॅक्सन यांना ड्राफ्टमधील हक्कांच्या मोबदल्यात, तर ड्रू डालमन याला थेट करारबद्ध करून फळीचा मध्यभाग आधीच भरण्यात आला. उणीव उरली ती डाव्या टोकाची. तेथील ब्रॅक्स्टन जोन्स घोट्याच्या दुखापतीतून सावरत असताना ३९ व्या क्रमांकावर रिसीव्हर ल्यूथर बर्डन घेणे आणि ओझी ट्रॅपिलोसाठी ५६ व्या क्रमांकापर्यंत थांबणे, ही या आखणीतील खरी जोखीम आहे.