लायटरच्या सॉकेटवर फ्रिज? अजिबात नको!

मंडळी, सध्या आमच्या नात्यागोत्यात एक नवीन खूळ शिरलंय. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेसाठी मानोऱ्याला यायचं, पण कुणाच्या घरी उतरायचं नाही. टेम्पो ट्रॅव्हलरचं 'घर' करून त्यातच दोन रात्री काढायच्या! २०२१ साली राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, मग समृद्धी महामार्ग झाला, कारंज्याजवळ खाली उतरलं की पुढे मानोरा. हौसेला मोल नाही. (बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून तांडे नेणाऱ्या बंजाऱ्यांच्या काशीला चाकावरचं घर घेऊन जाणं तसं शोभेलही म्हणा.)

माझं भांडण गाडीशी नाही, त्यातल्या कूलरशी आहे. कूलर म्हणजे आपला वाळ्याच्या ताट्यांचा नव्हे. लायटरच्या सॉकेटला लावायचा तो गार डबा. "त्यात काकांचं इन्सुलिन, दही, पाणी सगळं राहतं" असं दुकानदार सांगतात आणि आपले लोक माना डोलावतात.

राहत नाही हो! स्वस्त डब्यांत कॉम्प्रेसर नसतो. १८३४ साली पेल्टिये नावाच्या फ्रेंच माणसाला सापडलेल्या तत्त्वावर ते चालतात आणि बाहेरच्या हवेपेक्षा फार तर १८-२० अंशांनी गार होतात. युरोपात ते चालून जातं. आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीत ४५ अंश झाले, तर डब्यात २५! न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. दह्याचं काय होईल ते तुम्हीच सांगा.

आणि एवढ्यासाठी तो डबा सतत ४ अँपिअर खातो. रात्रीचे दहा तास म्हणजे ४० अँपिअर-तास. गाडीची बॅटरी साधारण ७५ची, तीही इंजिन सुरू करण्यापुरता झटका द्यायला बनवलेली. निम्म्याखाली वारंवार उतरवली की तिची वाट लागते. सकाळी ऐन गर्दीत गाडीला धक्का मारायला कोण येणार? काही गाड्यांत किल्ली काढली की सॉकेटच बंद होतं. मग बॅटरी वाचते, पण इन्सुलिन रात्रभर गरम!

तुम्ही म्हणाल, घरचाच इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी उचलून ठेवू. ती पन्नास-साठ किलोची, ॲसिडची, चार्ज होताना वायू सोडणारी वस्तू माणसं झोपतात त्या बंद गाडीत? नको. शिवाय १२ व्होल्टचे २३० करायचे, त्यात काही वीज वायाच.

सोलरवाले तर आणखी मजेशीर. पॅनलला ऊन पाहिजे, डब्याला सावली. निंबाखाली गाडी लावली तर टपावरचं पॅनल झोपतं, उन्हात लावली तर डबा दुप्पट राबतो. पॅनल सुटं, लांब वायरीचं असेल तरच त्यात अर्थ आहे.

खरोखर करायचंच असेल तर १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा डबा घ्या. तो चालताना ४-५ अँपिअर घेतो, पण थांबत थांबत चालतो. उन्हाळ्यात निम्मा वेळ धरला तर दिवसाला साधारण ५० अँपिअर-तास. त्याला वेगळी १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी द्या आणि ती चालत्या इंजिनवर डीसी-डीसी चार्जरने भरा. दिवसभराच्या प्रवासात ती भरते आणि यात्रेतला दीड-दोन दिवसांचा मुक्काम निघतो. वायर जाड टाका, बॅटरीजवळच फ्यूज बसवा. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, डबा बंद होतो आणि लोक डब्याला शिव्या देतात.

एवढा खर्च झेपत नाही? मग चांगला बर्फाचा डबा आणि बर्फाची अख्खी लादी आणा. चुऱ्यापेक्षा लादी जास्त टिकते आणि तिला वीज लागत नाही. फक्त इन्सुलिन बर्फाला चिकटवू नका, गोठलं की ते फेकूनच द्यायचं. वापरात असलेलं पेन बहुतेक वेळा महिनाभर ३० अंशांपर्यंत चालतं (कंपनीची चिठ्ठी वाचा). आपल्या कोरड्या हवेत घट्ट पिशवीत घालून ओल्या फडक्यात गुंडाळलं, सावलीत वाऱ्याला ठेवलं, की तेवढं बहुधा साधतं.

आणि यातलं काहीच जमणार नसेल तर आमच्या घरी फ्रिज आहे. काकांचं इन्सुलिन तिथे ठेवा, तुम्ही खुशाल गाडीत झोपा.