नौका लपावी, हिशेब लपूं नये

गांवचा जागल्या रात्रीं कोणत्या वळणावर उभा आहे हें चोराला कळूं नये, हें खरें. पण त्या जागल्याच्या नांवानें खळ्यावरून किती धान्य उचललें गेलें, हें ज्या कुणब्यानें तें पिकविलें त्यालाही कळूं नये, असें कोणी म्हणूं लागला तर आम्ही त्याला दोन प्रश्न विचारल्यावांचून राहणार नाहीं. अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्यांविषयीं आमचें म्हणणें एवढेंच आहे.

साधी पाणबुडी पाण्याखालीं बॅटरीवर चालते. बॅटरी भरण्यास डिझेलचें इंजिन चालवावें लागतें, आणि इंजिनाला हवा हवी. म्हणून तिला अधूनमधून वर यावें लागतें, व तेथेंच ती शत्रूला सांपडते. अणुभट्टीला हवा लागत नाहीं. अशी पाणबुडी महिनोन्‌महिने खोल पाण्यांत राहते. आंतल्या माणसांचें अन्न सरूं लागलें म्हणजे परतते.

हिंदुस्थानानें १९९८ सालीं अणुचाचण्या केल्या, आणि आपण प्रथम अणुबाँब टाकणार नाहीं हें धोरण ४ जानेवारी २००३ रोजीं जाहीर केलें. जो पहिला घाव न घालण्याचें वचन देतो, त्याला पहिला घाव सोसूनही उभें राहतां आलें पाहिजे. विमानतळ आकाशांतून दिसतात. समुद्राच्या पोटांतली नौका दिसत नाहीं. ती उरेल व उलट मारील, या भीतीनेंच शत्रूचा हात आवरतो. यालाच धाक म्हणतात. त्यासाठींच २६ जुलै २००९ रोजीं विशाखापट्टणम् येथें 'अरिहंत' पाण्यांत उतरली, व २९ ऑगस्ट २०२४ रोजीं 'अरिघात' नौदलांत आली. ही बाजू आम्हांस पटते. तथापि धाकानें सर्वच लढाया टळतात, असें कोणी समजूं नये. दोन्ही देशांजवळ बाँब असतां १९९९ सालीं कारगिलची लढाई झालीच, आणि तेथें शेतकऱ्यांच्या घरचीं पोरें पडलीं.

आतां गुप्ततेकडे वळूं. १२ ऑगस्ट २००० रोजीं रशियाची 'कुर्स्क' ही अणुपाणबुडी स्फोट होऊन बुडाली व ११८ माणसें मेलीं. त्यांतले तेवीस जण स्फोटानंतरही मागच्या भागांत कांहीं तास जिवंत होते. सरकारनें दोन दिवस ही गोष्ट बाहेर फोडली नाहीं, आणि परक्यांची मदतही आरंभीं नाकारली. आया-बायका विचारीत राहिल्या. त्यांना धड उत्तर मिळेना. बुडालेली नौका शत्रूपासून लपवून काय साधणार होतें? तेथें झांकली जात होती ती अधिकाऱ्यांची चूक.

उलट इंग्लंडकडे पाहा. १९६९ सालापासून त्यांची एक तरी अशी नौका सदैव समुद्रांत असते, आणि ती कोठें आहे हें कोणी सांगत नाहीं. पण नव्या चार नौका बांधावयाच्या ठरल्या तेव्हां ३,१०० कोटि पौंड खर्च व वर १,००० कोटि पौंड राखीव, हा आंकडा सरकारनें छापून दिला. १८ जुलै २०१६ रोजीं पार्लमेंटांत उघड मतें मोजलीं गेलीं : बाजूनें ४७२, विरुद्ध ११७. आंकडा छापला म्हणून त्यांची नौका कोणाला सांपडली नाहीं.

आमच्याकडे 'अरिहंत'चें काम कित्येक वर्षें एका मोघम नांवाखालीं चाललें. तिची अणुभट्टी आमच्या शास्त्रज्ञांनीं आंखली, तिचे पत्रे कारागिरांच्या हातांनीं जोडले गेले, आणि पैसा साबणाच्या वडीपासून डिझेलपर्यंत सर्वांवर कर भरणाऱ्या रयतेचा. म्हणून शेतकरी व कारागीर बंधूंनो, मतें मागावयास येणाऱ्यांना एवढें विचारा : नौका कोठें आहे तें सांगूं नका, तिच्यापायीं किती गेलें तें सांगा, आणि तींत गेलेल्या आमच्या पोराचें कांहीं बरेंवाईट झालें तर खरी हकीकत घरीं किती दिवसांनीं येईल तेंही सांगा. याचें उत्तर न देणारा मनुष्य शत्रूला नव्हे, आपल्यालाच भितो असें समजा.