कावळा चतुर, कशावरून?

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट मराठी मुलांना शाळेत जाण्याआधीच पाठ असते. शाळेत तिच्याखाली प्रश्न येतो: कावळ्याच्या चतुराईबद्दल तुमचे मत लिहा. मग वर्गातल्या सगळ्या वह्यांत एकच मत उतरते. कावळा चतुर होता. त्याने युक्ती लढवली. आपणही संकटात डोके शांत ठेवावे. लाल शाईची खूण होते आणि वर्ग पुढच्या धड्याकडे वळतो.

हे मत मांडणाऱ्या मुलांपैकी किती जणांनी माठात खडे टाकून पाहिलेले असतात? त्यासाठी काचेची एक बरणी आणि मैदानातले चार ओंजळी खडे पुरतात. गोष्टीच्या चित्रात असते तसे तळाशी दोन बोटे पाणी घ्या आणि खडे टाकत जा. पाणी थोडे चढते. मग खड्यांचा थर पाण्याच्या वर येतो आणि पाणी फटींमध्ये तिथेच थांबते. त्यावर कितीही खडे रचा, वरचे कोरडेच राहतात. सारख्या आकाराच्या खड्यांनी भरलेल्या बरणीत तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त जागा फटींचीच असते. निदान त्या फटी भरतील एवढे पाणी मुळात असल्याशिवाय ते काठाशी येत नाही. चित्रातल्या माठातून कुठलाच कावळा पाणी पिऊ शकला नसता.

हे सांगायला भौतिकशास्त्र लागत नाही. दुसरीतल्या मुलालाही बरणीकडे बघून ते कळेल. पण पिढ्यान्‌पिढ्या आपण ही गोष्ट सांगतो, तिच्यावर मत मागतो, मताला गुण देतो. मत कशाच्या आधारावर दिले, हे मात्र विचारत नाही. प्राण्यांच्या बुद्धीविषयी मुलांना जे काही शिकवले जाते, त्यातली मोठी उणीव ती हीच.

गोष्ट खोटी म्हणून टाकून द्यावी, असे अजिबात नाही. उलट, हीच गोष्ट शास्त्रज्ञांनी गंभीरपणे तपासली आहे. क्रिस्टोफर बर्ड आणि नॅथन एमरी यांनी २००९ साली केंब्रिजमध्ये कावळ्यांच्याच कुळातल्या रूक या पक्ष्यांपुढे पाण्याची उभी नळी ठेवली. पाण्यावर अळी तरंगत होती, पण चोच तिथवर पोहोचत नव्हती. शेजारी खडे होते. चारही पक्ष्यांनी खडे टाकून पाणी वर आणले आणि अळी मिळवली. लहानांपेक्षा मोठे खडे निवडले. एका नळीत पाणी आणि दुसरीत लाकडाचा भुसा ठेवला, तेव्हा पाण्याच्या नळीकडे वळायलाही ते शिकले.

इथवर ऐकले की मुले टाळ्या वाजवतील. शिक्षकाचे खरे काम त्यानंतर सुरू होते. या पक्ष्यांना नळीत खडा टाकण्याची सवय आधीच्या एका प्रयोगात झालेली होती. आता काय म्हणायचे? त्यांना पाण्याचे गणित समजले होते, की ते जुनी सवय नव्या जागी वापरत होते? आणि नुसती सवयच असेल, तर मोठा खडा निवडला कशाला? दोन्ही बाजूंनी बोलता येते, आणि बोलायला हातात काहीतरी असते. मत लिहायला बसवावे ते इथे.

२०१४ साली न्यू कॅलेडोनियातल्या कावळ्यांवरचे याच प्रकारचे प्रयोग प्रसिद्ध झाले. या कावळ्यांनी तरंगणाऱ्या वस्तू सोडून बुडणाऱ्या उचलल्या, पोकळ सोडून भरीव उचलल्या. पण रुंद आणि अरुंद नळीतला फरक त्यांच्या लक्षात आला नाही. दोन नळ्या खालून, नजरेआड जोडलेल्या होत्या आणि एकीत खडा टाकला की पाणी दुसरीत चढत होते. तिथेही ते अडले. त्याआधी लहान मुलांपुढेही असेच कोडे ठेवून पाहिले गेले होते. नजरेआडच्या जोडणीचे कोडे मुलांना जमले. कारण दिसत नसले तरी अमुक केले की तमुक मिळते, एवढ्यावर ती पुढे गेली. यात जास्त शहाणे कोण? कारण दिसेना म्हणून अडलेला पक्षी, की कारण न कळताही बक्षीस मिळवणारे मूल? माझे मत आहे की या एका प्रश्नावर आठवी-नववीच्या वर्गाने आठवडाभर भांडावे. प्राणी हुशार असतात, या मोघम वाक्याने जे साधत नाही, ते पक्ष्याच्या एका अपयशाने साधते. तो कुठवर पोहोचला आणि कुठे अडला, हे कळले की त्याच्या बुद्धीला आकार येतो. नुसत्या कौतुकातून तो येत नाही.

आपल्याकडे तर वादाचे साहित्य घरातच आहे. चिऊताईच्या गोष्टीतला काऊ मठ्ठ. पावसात त्याचे घर वाहून जाते. कोल्ह्याच्या गोष्टीतला कावळा स्तुतीला भुलून तोंडचा घास घालवतो. माठाच्या गोष्टीत तोच चतुर होतो. खरा कावळा कोकिळेची अंडी स्वतःची समजून उबवतो. आणि पिंडाला तो शिवला नाही की घाटावरची मोठी माणसे त्याच्या मनात काय आहे, याचा अर्थ लावत बसतात. मूल हे सगळे ऐकत आणि पाहत असते. यातले काय खरे मानायचे, हे त्याला कधीच कोणी विचारत नाही. वाचन म्हणून या गोष्टी एकापुढे एक ठेवल्या, तरी दुसरे पाठ्यपुस्तक लागणार नाही.

मोठ्या वर्गांत कृतिपत्रिकेत स्वमताला गुण असतात. ती तरतूद चांगली आहे. पण स्वमताची उत्तरे गाइडात छापून मिळतात, मुले ती पाठ करतात आणि तपासणारे ती स्वीकारतात. एवढा मोठा वर्ग, एवढ्या वह्या, ही शिक्षकाची अडचण खरी आहे. तरीही दुसऱ्याचे छापील मत पाठ करून घेण्यापेक्षा तो प्रश्न गाळलेला बरा. अशा पाठांतरातून मुलाला एवढेच कळते की मत म्हणजे मोठ्यांना आवडणारे वाक्य.

प्राण्याच्या बाबतीत ही पळवाट बंद करता येते. प्राणी बोलत नाही. तू असे का केलेस, हे त्याला विचारता येत नाही. तो काय करतो ते बघायचे, पुन्हा बघायचे आणि त्यावरून बोलायचे, एवढेच हातात असते. मत कसे बनवावे हे शिकायला याहून चांगला विषय शाळेत दुसरा नाही.

त्यासाठी केंब्रिजही लागत नाही. गॅलरीत ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यात वाळका पाव बुचकळून खाणारा कावळा पुष्कळ मुलांनी पाहिलेला असतो. तेवढ्यावर कोणी लिहिले की कावळा हुशार आहे, तो पाव मऊ करून खातो, तर ते अर्धे उत्तर झाले. त्याला मऊ पोळीचा तुकडा घालून पाहिला का? तोही त्याने बुचकळला का? सगळेच बुचकळत असेल तर ती सवय असू शकते. फक्त कडक तुकडा बुचकळत असेल तर तो दोन तुकड्यांत काही भेद करतो आहे. एकाच कावळ्याने केले की चार वेगवेगळ्यांनी? भांड्यात पाणी नसताना तो तुकडा घेऊन काय करतो? एवढे बघून एखाद्या मुलीने लिहिले की कावळ्याला कडक आणि मऊ यातला फरक कळतो असे मला वाटते, पण तो आधी ठरवून बुचकळतो का हे मला सांगता येत नाही, तर तिला पैकीच्या पैकी गुण द्यावेत. शेजारच्या मुलाने तेवढेच बघून उलट मत दिले, तर त्यालाही द्यावेत. काहीच न बघता चतुर कावळ्यावर सुवाच्य अक्षरात पानभर लिहिणाऱ्याला देऊ नयेत.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी त्या प्रश्नाखाली आणखी एक ओळ छापावी: तुम्ही काय पाहिले, ते आधी लिहा. आणि निम्मे गुण त्या ओळीला ठेवावेत.